लखनौला नेलेलं खमीर

लखनौहून आल्यापासून बेकरीत पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "काय मावशी, कबाब खाल्ले का?" खाल्ले बाबांनो. चांगले होते. पण कबाब खायला कराडहून लखनौ गाठण्याइतकी मी चटोर नाही. मी गेले होते माझ्या भाचीला, मुक्ताला, एक गोष्ट सांगायला. चार-साडेचार वर्षं ती पोटात ठेवली होती आणि फोनवर सांगण्यासारखी ती नव्हती.

आधी ती गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आमची बेकरी माझा थोरला भाऊ आणि मी, दोघांनी मिळून वाढवली. त्याला सगळं गाव दादा म्हणायचं. मुक्ता त्याची एकुलती एक. वहिनी लवकर गेली, त्यामुळे ही पोर आम्हा दोघांच्या मध्ये, मैद्याच्या पोत्यांवर बसून अभ्यास करत मोठी झाली. पुढे पीएच.डी. झाली आणि लखनौला औषधांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. (नाव लिहायचं नाही ही तिची अट आहे, आणि ती अट मी पाळतेय. बाकी कुठली पाळली नाही, ते पुढे येईलच.) करोनाच्या दुसऱ्या लाटेत दादा आजारी पडला, बरा झाला, आणि आठवड्यात त्याला काळ्या बुरशीने धरलं. नाकातून डोळ्यामागे गेली. शिरेतून औषध चालू होतं. ते बुरशीला मारायचं आणि सोबत दादाच्या किडन्याही खलास करायचं. एका दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "औषध चालू ठेवलं तर किडन्या जातील. बंद केलं तर बुरशी पसरेल. तुम्ही सांगा." मुक्ता तिकडे लखनौत स्वतः तापाने खोलीत कोंडलेली. घरचं माणूस म्हणून मी एकटी. मी म्हणाले, "बंद करा. त्याला आणखी त्रास नको."

सहाव्या दिवशी दादा गेला. मुक्ताला मी सांगितलं, "डॉक्टरांनी औषध बंद केलं." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यानंतर पोरीने आपलं सगळं काम बुरशीच्या औषधांकडे वळवलं. फोनवर भरभरून सांगायची, आणि मी मूग गिळून "हं, हं" करायची. या थंडीत ठरवलं, आता बास. समोर बसून सांगायचं. मग ती तोंड बघो न बघो.

इंदिरा नगर

धुक्यामुळे गाडी किती उशिरा पोचली ते सांगून तुमचा जीव खात नाही. एवढंच सांगते, की झाशीच्या आसपास माझ्या पिशवीतलं खमीर फुगून डब्याबाहेर आलं आणि माझी नवी शाल चिकट झाली. खमीर म्हणजे पाव फुगवायचं आंबवण. हल्ली पाकिटातलं यीस्ट मिळतं, पण आमच्या बेकरीत अजून दादाने लावलेलं खमीर आहे. रोज थोडं वापरायचं, रोज त्याला मूठभर पीठ आणि पाणी घालायचं, की ते जिवंत राहतं. अर्धं बेकरीत ठेवलं आणि अर्धं मुक्ताला न्यायचं म्हणून घेतलं. बापाची आठवण, दुसरं काय नेणार? भडंग आणि काकवी तर कुणीही नेतं.

मुक्ता स्टेशनवर कानटोपी घालून उभी होती. इंदिरा नगरात तिचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, नीटनेटकं. आजूबाजूला सगळी नोकरदार माणसं, खाली भाजीवाले, रस्त्याच्या टोकाला मेट्रो. घरात आल्या आल्या मी डबा उघडला आणि ती साप दिसल्यासारखी मागे सरकली.

"आत्या, हे काय आणलंस!"

"ओळखलं नाहीस? तुझ्या बाबाचं खमीर."

"ओळखलं म्हणूनच ओरडले. अगं, मी यीस्टवर काम करते. आपल्या पावातलं असतं ना, तेच. घरातलं रानटी यीस्ट माझ्या अंगावरून तिकडे गेलं तर माझं सगळं काम बोंबललं."

मग मला या लोकांचं सोवळं कळलं. तीन वर्षं हिच्या घरात इडली नाही, डोसा नाही, ढोकळा नाही, आंबोळी नाही. आंबवलेलं काहीही शिजवायचं नाही. बाहेर इडली खाल्ली तर घरी येऊन डोक्यावरून अंघोळ, कपडे धुवायला, आणि दुसऱ्या दिवशी यीस्टला हात लावायचा नाही. माझ्या आजेसासूचं सोवळं फार कडक म्हणून आम्ही कुरकुरायचो. ती बिचारी हिच्यापुढे काहीच नाही.

"टाकून दे," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

"बरं," मी म्हणाले, आणि डबा गॅलरीत सिलिंडरच्या मागे ठेवला. दादाचं खमीर मी टाकणार? माझ्या हाताने? काहीतरीच. रोज सकाळी ती अंघोळीला गेली की मी गुपचूप त्याला पीठ-पाणी घालायचे. हात धुवायचे, नाही असं नाही. पण चाळीस वर्षं पीठ मळलेल्या बेकरीवालीचं हात धुणं म्हणजे पाण्याखाली धरून पदराला पुसणं.

शेजारी वाईकर काकू राहतात. मूळच्या साताऱ्याच्या, यजमान बँकेत, वीस वर्षं झाली इथे. पहिल्याच दिवशी वाडगा घेऊन आल्या. "अगं, तहरी बनवली होती, सोचलं तुम्हालाही द्यावी. मटर एकदम ताजे मिळालेत यार!" तहरी म्हणजे आपला मसालेभातच, पण हळदीचा आणि वाटाण्याचा, आणि वरून तूप. मी दोनदा घेतला. त्यांच्या लेकीला मी मराठीत विचारलं, "कॉलेज कसं चाललंय?" ती गोड हसून म्हणाली, "जी, अच्छा चल रहा है." सगळं कळतं, पण जीभ काही मराठीकडे वळत नाही.

सकाळचं तेल

लखनौची थंडी कोरडी. मुक्ताचे केस नुसते केरसुणी झालेले. मग रोज सकाळी, दहा वाजता धुकं विरळ होऊन गॅलरीत ऊन आलं, की मी तिला सतरंजीवर बसवायचे, कोमट तेल चोळायचे आणि घट्ट वेणी घालायचे. एरवी मोठी शास्त्रज्ञ, पण त्या वेळी डोळे मिटून बसायची. आणि त्या अर्ध्या तासात तिने मला जे सांगितलं, ते ऐकून माझा हात केसातच थांबायचा.

"आत्या, पेशी म्हणजे आपली बेकरी समज. आत ऑफिसात मोठी वही आहे. तिच्यातून चिठ्ठी लिहून भट्टीवर पाठवतात: आज हे बनवा. भट्टीवर एक यंत्र आहे. ते चिठ्ठी वाचतं आणि एकेक मणी ओवून माळ बनवतं. ती माळ म्हणजे प्रथिन, प्रोटीन. ते बनणं थांबलं की पेशी संपली."

"मग बुरशीचं यंत्र बंद पाडा की. त्यात काय एवढं?"

"तेच तर अवघड आहे. बुरशीचं यंत्र आणि आपलं यंत्र जवळजवळ एकच आहे."

"एकच? बुरशीचं आणि माणसाचं?"

"जिवाणूंचं यंत्र वेगळं असतं, म्हणून जिवाणूंवर इतकी औषधं मिळाली. बुरशी आपली लांबची नातेवाईक आहे, आत्या. तिला मारायला जावं तर घाव आपल्यालाच बसतो. बाबांचं औषध यंत्रावर नाही, बुरशीच्या पेशीच्या सालीला भोकं पाडायचं. पण आपल्या किडनीच्या पेशींची सालही तशीच."

घशापर्यंत आलं होतं: मुक्ता, ते औषध बंद करा असं मी सांगितलं. पण पुढे ती म्हणाली, "आम्हाला एक जागा सापडलीय," आणि तिचा आवाज असा काही उजळला, की माझं तसंच राहिलं. एक मणी ओवला की माळ पुढे सरकवावी लागते. सरकवणारा एक मदतनीस असतो. बुरशीचा मदतनीस आपल्यापेक्षा किंचित वेगळा, एका कोपऱ्यात. त्या कोपऱ्याला धरणारं एक रसायन यांनी बनवलंय. धरलं की माळ अडकते. "आपल्या मदतनिसाला तो कोपराच नाही. म्हणजे नसावा. तेच तपासतेय."

मी चाळीस वर्षं पीठ फुगताना बघतेय. आत असं ऑफिस, चिठ्ठ्या, माळा चाललेल्या असतात, मला काय ठाऊक! मी फक्त फडकं ओलं करून झाकायचे.

चौक

रविवारी मला चौकातला, म्हणजे जुन्या लखनौच्या बाजारातला, नानबाई बघायचा होता; तंदूरवर रोट्या भाजणाऱ्याला तिकडे नानबाई म्हणतात. भट्टीच्या वाटेलाही जायचं नाही असा मुक्ताचा नेम, म्हणून वाईकर काकू आल्या. इमामबाडा बघितला, पण त्याच्याविषयी जाणत्यांनी लिहिलंय. मी माझ्या गल्लीत शिरते.

आधी मक्खन मलाई. थंडीतच मिळते. दुधाचा फेस घुसळून दवात ठेवतात. पानाच्या द्रोणात पिवळसर ढग भरून देतात, तोंडात घातला की गेला. मी शेवटी द्रोणाच्या तळाशी बोट फिरवलं, की खरंच काही खाल्लं का बघावं. बनवणाऱ्याला विचारलं, "उन्हाळ्यात काय करता?" तो म्हणाला, "इंतज़ार करते हैं." मला हे उत्तर फार आवडलं. आमच्याकडे हापूस बाराही महिने पाहिजे म्हणून बाटलीत भरतात.

मग खलील मियाँची भट्टी. सत्तरीचे असतील. कुलचे भाजत होते. लखनौचा कुलचा म्हणजे आतला एक गोळा आणि त्यावर दुसऱ्या पिठाची गिलाफ, उशीला अभ्रा घालावा तशी. तंदूरमधून काढला की बोटाने पापुद्रे सुटतात. मी न विचारता एक उचलून उलटा केला, तळ बघितला, दाबला, कानाशी नेला. ते बघतच राहिले.

"आप रोटी का काम करती हैं?"

"करती हूँ. चालीस साल."

"तो आप मेहमान नहीं, बिरादरी हैं. अंदर आइए."

बाई माणसाला भट्टीच्या आत बोलावलं म्हणून वाईकर काकू हादरल्या. मी चपला काढून आत. त्यांनी मला मातीचं भांडं दाखवलं, त्यांच्या खमिराचं. वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. आमच्यापेक्षा जरा गोडसर, पण घरचाच वास. मी बोट बुडवून ताण बघितला. त्यांनी हरकत घेतली नाही. म्हणाले, "हमारे वालिद कहते थे, खमीर के पास कोई ग़ुस्से में न जाए. जिसका दिल साफ़ न हो, उसके हाथ से आटा नहीं उठता."

मी बोट पुसलं. माझं मन साफ कुठे होतं? पण हे तिथे कुणाला सांगणार?

तीन प्लेटा

मंगळवारी मुक्ता भर दुपारी घरी आली. एरवी संध्याकाळ व्हायची. बूट न काढता खुर्चीत बसली.

"संपलं, आत्या."

मी पाणी दिलं. मग तिने सांगितलं. तीन प्लेटा. काचेसारख्या झाकणाच्या बशा असतात, तळाशी यीस्टचं खाणं. पहिलीत साधं यीस्ट, औषध नाही. ते वाढायला हवं, वाढलं. दुसरीत साधं यीस्ट आणि औषध. ती कोरी राहायला हवी. तिसरीत एक बदललेलं यीस्ट आणि औषध, तिची गोष्ट वेगळी, ती नंतर. महिनाभर दुसरी प्लेट कोरीच राहत होती. आज तिच्यात आठ-दहा ठिपके.

"यीस्ट शिकलं, आत्या. औषध पचवायला शिकलं. इतक्या लवकर शिकलं तर औषध बाद. शुक्रवारी मीटिंग आहे. निगार मॅडमना मला हेच सांगावं लागणार, की हे बंद करा."

निगार मॅडम म्हणजे तिच्या प्रमुख. आणि "बंद करा" हेच दोन शब्द मी दादाच्या वेळी म्हणाले होते.

मला कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं. मी माझ्या हातांकडे बघितलं. नखांत अजून पीठ होतं. सकाळी खमीर, मग तेच हात तेलात, मग तिच्या केसांत. आणि ती डोकं त्या प्लेटांवर वाकवणार.

गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. डबा खालच्या कचराकुंडीत, हात साबणाने स्वच्छ, प्रकरण मिटलं. पण मग माझ्यामुळे आणखी एक औषध बंद पडणार, आणि आणखी एकदा मी म्हणणार की ते दुसऱ्या कुणीतरी बंद केलं. नाही जमलं. उठले, गॅलरीत गेले, सिलिंडरमागचा डबा आणून तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

ती डब्याकडे बघत राहिली. झाकण वर आलं होतं, मजेत फुगलेलं.

"रोज खायला घालत होतीस?"

"हो."

"आणि वेणी? त्याच हातांनी?"

"हात धुतले होते गं."

"आत्या, तीन वर्षं मी या घरात एक इडली केली नाही! एक इडली!" अशी ओरडली, की वाईकर काकूंनी दार वाजवून विचारलं, "सब ठीक आहे ना?" मी म्हणाले, ठीक आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मुक्ता रडली, मला बरंच काही बोलली, आणि मी ते खाली मान घालून ऐकलं. आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नसेल मी इतकं. आणि मग बोलता बोलता ती एकदम थांबली. डोळे पुसले.

"म्हणजे... कदाचित आपलं यीस्ट शिकलेलंच नाही. ते ठिपके याचे असतील."

"आहेतच याचे. मी सांगते ना."

"तू सांगून चालत नाही, आत्या. तपासावं लागतं." पण ती हसत होती. दुसऱ्या दिवशी तीनदा डोकं धुऊन, बंद नळीत चिमूटभर खमीर घेऊन गेली. तेल नाही, वेणी नाही. मी लांबूनच टाटा केलं.

निगार मॅडम

शुक्रवारी निरोप आला. मॅडमना मला भेटायचं होतं. मी म्हटलं, घ्या, आता गाढवाचा नांगर फिरणार. पण लखनौचं माणूस रागावतं कसं, ते बघायला मिळालं. रागवतच नाही. निगार मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, बारीक आवाज. उभ्या राहून म्हणाल्या, "जिन्होंने ये कमाल किया है, हम उनसे मिलना चाहते थे. तशरीफ़ रखिए."

मी मोडक्या हिंदीत माफी मागितली. त्यांनी हात वर केला. ठिपके खरोखर माझ्याच खमिराचे निघाले होते. ते वेगळ्याच जातीचं यीस्ट होतं आणि यांचं औषध त्याला चिकटतच नव्हतं. "हमारा यीस्ट तो जैसा था वैसा ही है. लेकिन ये आज मालूम हुआ कि दवा हर यीस्ट पर नहीं चलेगी. यही बात कल किसी मरीज़ के बिस्तर पर मालूम होती तो?" मीटिंग पुढे ढकलली होती. सोमवारी नव्या प्लेटा बघून ठरणार होतं, औषध पुढे न्यायचं की सोडायचं.

मग त्यांनी बाहेरच्या खोलीत मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "देखिए, आप ही की चीज़ है."

आधी नुसता उजेड. मग मुक्ताने चाक फिरवलं आणि दिसलं. गोल गोल, पारदर्शक, शेकडो. एकाच्या खांद्यावर छोटा फुगवटा. दुसऱ्याच्या कडेला त्याहून मोठा, जवळजवळ सुटत आलेला. पोरं होती ती. आईच्या अंगातून पोर फुटत होतं, शेजारी दुसरं, त्याच्या शेजारी तिसरं. चाळीस वर्षं ज्यांच्या जिवावर जेवले, ते मी पहिल्यांदा बघत होते. बहिणीचं लग्न, मुक्ताची फी, दादाचं औषध, सगळं यांनी केलं, आणि मी यांना कधी बघितलं नव्हतं. मी तिथे, त्या खुर्चीत बसून हात जोडले. कुणी हसलं नाही.

शनिवारी मुक्ताने घर धुऊन काढलं आणि खमिराला मुदत दिली. टाकवेना, म्हणून मी डबा घेऊन चौकात गेले. खलील मियाँनी वास घेतला, कणभर जिभेला लावलं. "तेज़ है. मराठा है," म्हणाले, आणि वेगळ्या भांड्यात ओतून घेतलं. मला कुलच्याची चळत बांधून दिली. ती मी वाईकर काकूंकडेच बसून संपवली, कारण घरी नेण्याची सोय नव्हती.

सोमवार

सोमवारी दुपारी मुक्ताचा फोन आला, "ये." आवाजावरून काही कळेना. रिक्षा करून गेले. मला टोपी, कोट आणि वेगळ्या चपला देऊन बाहेरच्याच खोलीत थांबवलं. मुक्ता तीन बंद प्लेटा घेऊन आली आणि पांढऱ्या कागदावर मांडल्या.

पहिली सायीसारख्या थराने भरलेली. दुसरी कोरी. मी अगदी नाक लावून बघितलं. एक ठिपका नाही.

"आणि ही तिसरी," ती म्हणाली. तिसरी भरलेली होती, पहिलीसारखीच. "हिच्यातही औषध आहे. दुसरीइतकंच."

"मग ही मेली कशी नाही?"

"कारण हिच्यातल्या यीस्टचा मदतनीस आम्ही काढला आणि तिथे माणसाचा बसवला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "माणसाचा?"

"हो. माळ सरकवणारा. तुझ्यात आहे, माझ्यात आहे, तो. यीस्टमध्ये बसवला आणि यीस्ट जगलं, आत्या. नातं इतकं जवळचं आहे. आणि औषधाने त्याला हात लावला नाही. फक्त बुरशीवाल्याला धरलं."

मी तिसऱ्या प्लेटकडे बघत राहिले. पावाच्या यीस्टमध्ये माणसाचा एक तुकडा, आणि तो तिथे कामाला लागलाय, कुरकूर न करता माळा ओवतोय. एवढं मोठं मी कधी काही बघितलं नाही.

"बुरशी मेली आणि माणूस राहिला," मी म्हणाले.

"यीस्टमधला माणूस. अजून फार लांब आहे. उंदीर आहेत, मग वर्षानुवर्षं. तू दाखवलंसच, सगळ्या यीस्टवर चालत नाही. काळी बुरशी तर आणखी वेगळी, तिच्यावर चालेल की नाही देव जाणे. पण मॅडम म्हणाल्या, पुढे न्यायचं."

बोलायचं तर आत्ताच. नाहीतर कधीच नाही.

"मुक्ता, दादाचं औषध डॉक्टरांनी बंद केलं नव्हतं. मला विचारलं होतं. मी सांगितलं, बंद करा."

ती प्लेटची झाकणं नीट बसवत होती. बसलेलीच होती, तरी बसवत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"डॉक्टरांनी आधी मला फोन केला होता. मुलगी म्हणून. ताप होता, पण मला सगळं कळत होतं. त्या औषधाबद्दल जे मिळेल ते मी वाचलं होतं. चालू ठेवलं तर काय, बंद केलं तर काय, तुझ्यापेक्षा शंभरपट जास्त मला माहीत होतं. आणि मी म्हणाले, मला नाही सांगता येणार, माझ्या आत्याला विचारा. फोन ठेवून दिला." तिचा आवाज फाटला. "तू तिथे एकटी उभी असणार, हे मला माहीत होतं. तरी तुझ्यावर टाकलं. दर फोनवर वाटायचं, आज सांगावं. तू नुसती हं, हं करायचीस. मला वाटायचं तुला कळलंय, म्हणून बोलत नाहीस."

साडेचार वर्षं मी हिच्यापासून तोंड लपवत होते, आणि ही माझ्यापासून.

"तू काय सांगितलं असतंस?" मी कसंबसं विचारलं.

"बंद करा," ती म्हणाली. "तेच, आत्या. मला फक्त म्हणता आलं नाही. ते माझ्या वाटणीचं तू म्हणालीस."

मग आम्ही दोघी त्या बाकावर बसून रडलो, मोठ्याने, आमच्याकडे रडतात तसं. आतल्या दारात निगार मॅडम आल्या, बघितलं, काही न बोलता आपल्या हाताने दार ओढून घेतलं, आणि पलीकडे कुणालातरी हळू आवाजात सांगितलं, "अभी नहीं. थोड़ी देर बाद."